नाणी जपायची कोणत्या प्लॅस्टिकमध्ये?

नाणी जमविण्याचा छंद म्हटला, की पुष्कळांना वाटते, हा श्रीमंतांचा उद्योग; आपला त्याच्याशी काय संबंध? पण जरा घरातली जुनी ट्रंक उघडून पाहा. आजीच्या बटव्यात राहून गेलेला भोकाचा पैसा, कुणा पणजोबांच्या वेळचा राणीछाप रुपया, कमळाचे चित्र असलेले पिवळे वीस पैसे, ३० जून २०११ रोजी चलनातून बाद झालेली पावली, असा पाच-पन्नास नाण्यांचा ऐवज बहुतेक घरांत निघतोच. आणि १९९० सालचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुद्रा असलेले जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे तर आपल्या सभासदांपैकी कितीतरी जणांनी जपून ठेवलेले असेल. कुणी ते पगाराच्या पैशातून वेगळे काढले, कुणाला किराणा दुकानात सुट्ट्या पैशांत मिळाले. खर्चायला मन झाले नाही म्हणून ते बाजूला ठेवले गेले, ते आजतागायत.

म्हणजे संग्रह आहे. आपण स्वतःला संग्राहक म्हणवून घेत नाही एवढेच. या लेखात नाण्यांचा इतिहास सांगायचा नाही. प्रश्न एकच आणि साधा आहे: हे नाणे ठेवायचे कशात? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु जपून ठेवलेले नाणे पुष्कळदा हाताळण्याने किंवा झिजण्याने खराब होत नाही. ते खराब होते, ते जपण्यासाठी आपण ज्या मऊ, पारदर्शक पाकिटात ठेवलेले असते त्या पाकिटामुळे. पूर्वीच्या बायका कापडाच्या पुरचुंडीत पैसा बांधून ठेवीत. तो काळवंडत असे, पण खात नसे. आपण सुधारलो, पुरचुंडी सोडली, प्लॅस्टिक घेतले. आणि नाण्याला चर पडू लागले.

पासबुकाचे कव्हर काय सांगते?

मी बँकेत कारकून आहे. रोज कितीतरी पासबुके हाताखालून जातात. खातेदार हौसेने पासबुकाला प्लॅस्टिकचे कव्हर घालतात. तीन-चार वर्षांनी नवीन पासबुक घेण्यासाठी ते काढू गेले, की ते सहजासहजी सुटत नाही. ओढून काढावे तर पासबुकावरची छपाई आरशात दिसावी तशी उलटी कव्हरावर उतरलेली असते. विद्यार्थ्यांनाही हा अनुभव आहे. झेरॉक्सची प्रत मऊ फोल्डरमध्ये वर्षभर राहिली, की अक्षरे फोल्डरला चिकटून निघतात. शिवाय नव्या रेनकोटला, ओळखपत्राच्या मऊ पाकिटाला, न्हाणीघरातल्या नव्या पडद्याला एक उग्र वास येतो, तोही आपल्या ओळखीचा आहे. चिकटणे आणि वास येणे, ही दोन्ही लक्षणे एकाच प्लॅस्टिकची आहेत. त्याचे नाव पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच आपण ज्याला पी.व्ही.सी. म्हणतो ते.

ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७२ साली हा पदार्थ प्रथम नोंदवला. त्याच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीन असतो. मुळात पी.व्ही.सी. मऊ नसते, नळाचा पाईप पाहिला म्हणजे ते कळते. ते कडक आणि ठिसूळ असते. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात विशिष्ट द्रव्य मिसळून ते मऊ करण्याची युक्ती काढली आणि मग रेनकोटपासून पासबुकाच्या कव्हरापर्यंत त्याचा संचार सुरू झाला. मऊ करणारी ही द्रव्ये तेलासारखी असतात. त्यांत फ्थॅलेट वर्गातील रसायने फार वापरली गेली. मऊ पी.व्ही.सी.मध्ये त्यांचे प्रमाण एकूण वजनाच्या एक तृतीयांशाइतकेसुद्धा असू शकते.

आता मुद्दा असा, की हे तेल प्लॅस्टिकशी रासायनिक रीतीने जोडलेले नसते. फडक्यात तेल मुरावे तसे ते मुरलेले असते. म्हणून ते हळूहळू बाहेर झिरपते. पासबुकाची शाई उचलणारे हेच ते तेल. पाकिटात नाणे असेल तर ते नाण्यावर पसरते आणि नाण्याला हात लावला की बोटाला चिकट लागते.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते, कारण चिकटपणा धुता येतो. परंतु खरा धोका दुसराच आहे. उष्णता आणि उजेड यांच्यामुळे पी.व्ही.सी. स्वतः विघटित होऊ लागते, आणि त्यातील क्लोरीन हायड्रोजनशी संयोग पावून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते. कारखान्यात हे थांबविण्यासाठी काही रसायने मिसळलेली असतात. पण ती वापरली जातात, संपतात. मग आम्लाला अडवणारे कोणी उरत नाही. बंद पाकीट, आत नाणे, बाहेर पत्र्याचे कपाट, एप्रिल-मेचा उकाडा आणि पाठोपाठ जूनची दमट हवा. आम्लाला आणखी काय हवे?

पांढरे दिसते, पण तांबेच आहे

आम्ल तांब्याला सर्वांत आधी धरते. हे वाचून काही जण म्हणतील, आमचे जन्मशताब्दीचे नाणे तर पांढरेशुभ्र आहे, त्यात तांबे कुठले? इथेच फसगत होते. १९९० सालचे ते नाणे कुप्रोनिकेल या मिश्रधातूचे आहे. त्याचे वजन ६ ग्रॅम आणि व्यास २६ मिलिमीटर. या मिश्रधातूत ७५ टक्के तांबे आणि अवघे २५ टक्के निकेल असते. निकेलने रंग पांढरा केला, तरी तीन हिस्से तांबेच आहे. म्हणून ते हिरवे पडते.

चांदीच्या रुपयाचीही तीच कथा. राणीछाप रुपयात चांदी ९१.६७ टक्के, बाकीचे तांबे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि तांबे ४० टक्क्यांवर गेले. हे रुपये पी.व्ही.सी.त ठेवल्यास जास्त लवकर बिघडतात. भोकाचा पैसा (१९४३ ते १९४७) ब्राँझचा, म्हणजे जवळजवळ तांब्याचाच. जुनी शिवराई तर शुद्ध तांब्याची म्हणावी अशी. २०१५ साली बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त निघालेल्या दहा रुपयांच्या नाण्याचे बाहेरचे पिवळे कडेसुद्धा तांब्याच्या मिश्रधातूचे आहे. ॲल्युमिनियमच्या पैशांना क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. त्यातल्या त्यात १९९२ पासूनचा पोलादी रुपया आणि पोलादी पावली टिकाऊ. परंतु चिकटपणातून त्यांचीही सुटका नाही.

बिघाड कसा वाढत जातो तेही सांगितले पाहिजे, कारण आरंभी तो डोळ्यांना दिसत नाही. प्रथम नाण्याची चकाकी जरा धूसर होते, जणू कुणी त्यावर फुंकर घातली आहे. नाणे उजेडात तिरपे धरले तर अक्षरांच्या खोबणीत आणि कडेला फिकट हिरवी, ओलसर झाक दिसते. ही पहिली पायरी. पुढे हिरवा थर दाट होतो, त्याचे ठिपके होतात. शेवटी तो थर पुसला तरी खाली धातूत खड्डा पडलेला असतो आणि तो कशानेही भरून येत नाही. तांब्यावर एकदा क्लोराइड बसले, की हवेतील ओलावा आणि प्राणवायू यांच्या संगतीने पुन्हा आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड. पाकीट फेकून दिल्यावरसुद्धा हे चक्र आतल्या आत चालू राहू शकते.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ काउंटरवर आले. खिशातून ओळखपत्राचे मऊ पाकीट काढले. आत जन्मशताब्दीचे नाणे होते. म्हणाले, "साहेब, हे नाणं खोटं आहे का हो? खऱ्या नाण्याला असा बुरा कसा येईल?" नाणे अस्सल होते. मी म्हटले, "काका, नाणं खरं आहे, पाकीट वाईट आहे." त्यांना ते पटले नाही. इतकी वर्षे त्यांनी ते पाकीट कपाटाच्या लॉकरमध्ये, लग्नाच्या फोटोंबरोबर ठेवले होते. नाणे त्यांच्या समोर पाकिटातून काढले तेव्हा पाकिटाच्या आतल्या बाजूला नाण्याचा हिरवा गोल उमटलेला होता, तो पाहिल्यावर मात्र ते गप्प झाले.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. हे नाणे जपायचे ते त्याला पुढे लाखो रुपये मिळतील म्हणून नव्हे. ते मोठ्या संख्येने निघाले आहे आणि आजही एक रुपया म्हणून चलनात चालते. जुन्या नाण्यांना लाखोंची किंमत देतो असे सांगून लोकांकडून आधी फी उकळणारे ठग निघाले आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून हे प्रकार होत असल्याने बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशाराही दिला होता. तेव्हा त्या नादाला कुणी लागू नये. ज्या दिवसांची आठवण म्हणून ते ठेवले, त्या आठवणीची किंमत वेगळी. ती दुसऱ्या नाण्याने भरून निघत नाही.

पाकीट ओळखायचे कसे?

बाजारात नाण्यांचे जे स्वस्त अल्बम आणि खिसेवाली पाने मिळतात, त्यांतील पुष्कळशी मऊ पी.व्ही.सी.ची असतात. दुकानदाराला विचारून उपयोग होईलच असे नाही, कारण त्यालाही ठाऊक नसते. त्यामुळे आपणच पारख करावी.

पहिली पारख हाताची आणि कानाची. पाकीट मऊ, लुळे, बोटाला किंचित दमट लागणारे असेल, चुरगाळले तरी आवाज करीत नसेल आणि उघडताना आतल्या बाजू एकमेकींना चिकटत असतील, तर ते पी.व्ही.सी. समजावे. चांगली फिल्म कडक असते, चुरगाळली की कुरकुरते. वासाचीही मदत होते. रेनकोटाचा वास आला की पाकीट परत करावे. मात्र जुन्या पाकिटाचा वास उडून गेलेला असतो, तेव्हा वास नाही म्हणून ते निर्दोष ठरवू नये.

दुसरी पारख पाण्याची. पाकिटाचा नखाएवढा तुकडा कापून पेल्यातल्या पाण्यात बुडवावा, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काडीने झटकावेत आणि सोडून द्यावा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तुकडा वर येतो. तो वर आला तर चिंता मिटली. बुडाला तर मात्र निकाल लागत नाही, कारण पी.व्ही.सी. बुडते तसे चांगले पॉलिएस्टरही बुडते.

मग तिसरी पारख, ज्योतीची. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ती विशेष आवडेल. फ्रीडरिश बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने ती शोधली, तीही १८७२ मध्येच. म्हणजे पी.व्ही.सी.चा आणि त्याला पकडणाऱ्या चाचणीचा जन्म एकाच वर्षीचा! विजेच्या जुन्या वायरमधील तांब्याची जाड तार घ्यावी आणि तिच्या टोकावरचे आवरण सोलावे. तार पकडीत धरून स्टोव्हच्या किंवा बर्नरच्या निळ्या ज्योतीत इतकी तापवावी, की ज्योतीला हिरवा रंग येईनासा होईल. ती गरम असतानाच प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवावी, म्हणजे थोडेसे प्लॅस्टिक तिला चिकटेल. आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत झळझळीत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. अशा पाकिटात नाणे ठेवू नये. आधी सोललेल्या आवरणाचाच तुकडा तपासून पाहिला तर हिरवी ज्योत कशी असते हे डोळ्यांत बसेल, कारण ते आवरणही सामान्यतः पी.व्ही.सी.चेच असते. तारेच्या टोकाला घामट बोटे लावू नयेत; घामातील मिठानेही ज्योत फसवी रंगू शकते. यातून निघणारा धूर विषारी असतो. त्यामुळे ही चाचणी उघड्यावर, तुकडा अगदी लहान घेऊन आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावी. तपासायचा तो पाकिटाचा तुकडा, नाणे नव्हे, हे सांगायला नकोच.

काही वस्तूंवर त्रिकोणात आकडा असतो. ३ हा आकडा पी.व्ही.सी.चा. १ म्हणजे पॉलिएस्टर, २ आणि ४ पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन. नाण्यांच्या पाकिटांवर तो क्वचितच छापलेला असतो, पण डब्यांवर सापडतो.

मग घ्यायचे काय?

उत्तम म्हणावी अशी पातळ फिल्म म्हणजे पॉलिएस्टरची. मायलर हे तिचे प्रसिद्ध व्यापारी नाव. पाण्याची पारदर्शक बाटली, टेरिलिनचा शर्ट आणि ही फिल्म, तिन्ही एकाच कुळातली. तिच्यात मऊ करणारे तेल नसते, क्लोरीन नसते. तिचे दोन दोष आहेत: ती कडक असल्याने नाणे आत-बाहेर घसटत नेले तर बारीक ओरखडा उठतो, आणि घडीवर ती फाटते. परंतु ओरखडा टाळणे आपल्या हातात आहे, आम्ल टाळणे नाही.

आपल्यासारख्यांना सर्वांत परवडणारा प्रकार म्हणजे दोन इंच चौरसाचा पुठ्ठ्याचा होल्डर. मध्ये गोल खिडकी, खिडकीला फिल्म. नाणे ठेवायचे, पुठ्ठा मिटायचा आणि कडेने पिना मारायच्या. पाकिटाने घेतल्यास एक होल्डर कपभर चहापेक्षाही स्वस्त पडतो. फक्त माप नीट घ्यावे. जन्मशताब्दीचा रुपया २६ मि.मी.चा आणि २०१५ चे दहा रुपये २७ मि.मी.चे, दोन्हींना साडेसत्तावीस मि.मी.ची खिडकी ठीक बसते. चांदीचा रुपया साडेतीस मि.मी.च्या आसपास असतो, त्याला साडेबत्तीसची घ्यावी. खिडकी लहान पडली तर नाण्याची कड पुठ्ठ्याला घासते. फार मोठी झाली तर नाणे आत खुळखुळते.

पिना मारून झाल्यावर त्यांची टोके पक्कडीने दाबून सपाट करावीत. नाहीतर एकावर एक रचलेल्या होल्डरांपैकी खालच्याची पीन वरच्याची फिल्म फोडून नाण्याला भिडते. गंजणाऱ्या पिनांपेक्षा स्टेनलेस स्टीलच्या मिळाल्या तर बरे. नाणे बाहेर काढताना सर्व पिना आधी काढाव्यात. अर्धवट उघडून नाणे खेचल्यास पिनेचे टोक बाबासाहेबांच्या चेहऱ्यावरून ओरखडा काढून जाते. गोंद लावलेले, बिनपिनांचे होल्डरही मिळतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोंद पाझरतो, म्हणून मला स्वतःला पिनाच बऱ्या वाटतात. सेलोटेप तर मुळीच लावू नये. (जाता जाता: नोटांच्या पाकिटांना पिना मारणे रिझर्व्ह बँकेने २००१ साली बंद करविले, ते योग्यच झाले. नोटेला पीन नको आणि पी.व्ही.सी.ही नको, एक रुपयाच्या जुन्या नोटा मऊ कव्हरात ठेवणाऱ्यांनी तीही बदलावीत.)

थोडा खर्च करता येत असेल आणि नाणे विशेष प्रेमाचे असेल, तर कडक पारदर्शक डबी घ्यावी. ती ॲक्रिलिकची किंवा पॉलिस्टायरीनची असते. पॉलिस्टायरीन म्हणजे जुन्या कॅसेटची किंवा सीडीची कडक डबी ज्याची असे तेच. ती ठिसूळ असते, पडली तर तडकते, पण नाण्याला अपाय करीत नाही. नाण्याच्या अचूक मापाची डबी मिळाली तर उत्तम. एकाच डबीत फोमची चकती बसवून निरनिराळी नाणी ठेवण्याची सोय असते. तो फोम कशाचा आहे हे समजत नसेल तर बिनफोमचीच घ्यावी.

अल्बमच हवा असेल तर पॉलिप्रॉपिलीनच्या पानांचा घ्यावा. काही जण पुठ्ठ्याचा चांगला होल्डर घेतात आणि तो पी.व्ही.सी.च्या पानात खोचतात. त्याने धोका कमी होतो, जात नाही. आम्लाची वाफ पुठ्ठ्यातून आत शिरू शकते. आणि काहीच जमत नसेल तर साध्या पॉलिथिनची, दाबून बंद होणारी छोटी पिशवी वापरावी, एका पिशवीत एकच नाणे. ती हवाबंद म्हणता येणार नाही, दिसायलाही साधीच. पण किमतीच्या मानाने तिच्याइतकी भरवशाची वस्तू नाही. दिमाखदार मखमली अल्बमातील पी.व्ही.सी.पेक्षा ती कितीतरी पटीने बरी.

वेष्टनावरील शब्दांना भुलू नये. 'ॲसिड फ्री' हा शब्द पुठ्ठ्याविषयी असतो, त्यावरून प्लॅस्टिकविषयी काही कळत नाही. 'आर्कायव्हल' हा शब्द कोणीही छापू शकतो. 'पी.व्ही.सी. फ्री' असे स्पष्ट लिहिलेले असावे, आणि तसे असले तरी एक तुकडा तपासून पाहावा. 'कडक व्हिनाइल' म्हणून एक प्रकार असतो. त्यात तेल नसते, म्हणून तो मऊ पाकिटाइतका घातक नाही. पण क्लोरीन आहेच. प्रदर्शनापुरता ठीक, वर्षानुवर्षांसाठी नाही.

हिरवे पडले असेल तर

सर्वप्रथम ते पाकीट फेकून द्यावे आणि त्याच अल्बमातील शेजारची नाणीही बाहेर काढावीत. मग आपल्या घरातील नेहमीचा उपाय, म्हणजे चिंच, लिंबू, राख, पितांबरी, यांपैकी काहीही वापरू नये. तांब्याच्या हंड्याला चिंच शोभते. नाण्यावर ती स्वतःच आणखी एक आम्ल आहे, आणि घासण्याने वरचा मूळ पृष्ठभागच निघून जातो. घासून लख्ख केलेले नाणे जाणकाराला लांबूनच ओळखू येते आणि तो ते हाती धरत नाही.

चिकट थरावर खरा उपाय शुद्ध ॲसिटोन. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानात ते मिळते. नखांचे पॉलिश काढण्याच्या बाटलीतले चालत नाही. त्यात तेल, रंग, सुगंध मिसळलेले असतात. काचेच्या वाटीत ॲसिटोन घेऊन नाणे त्यात काही मिनिटे बुडवावे, हलकेच हलवावे, घासू नये. मग दुसऱ्या वाटीतील स्वच्छ ॲसिटोनमध्ये बुडवून काढावे आणि हवेवर वाळू द्यावे. ॲसिटोन तेल विरघळवते आणि धातूला हात लावीत नाही. परंतु ते पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिकही विरघळवते, म्हणून प्लॅस्टिकची वाटी नको. ते पेट्रोलासारखे पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरात, गॅसजवळ, मेणबत्तीजवळ हे काम करू नये. गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी करावे, लहान मुलांना दूर ठेवावे. थर पहिल्या पायरीवर असेल तर नाणे स्वच्छ निघते. ठिपके खोल गेले असतील तर चिकटपणा जाईल, खड्डा राहील. तरीही हे करावेच. खड्डा भरला नाही तरी नाण्यावर साचलेला थर निघतो आणि वाढता बिघाड मंदावतो.

प्लॅस्टिक बदलले तरी काही इतर शत्रू उरतात. रबरबँड, जाड खाकी पाकिटे, लोकरी कापड यांतील गंधकाने चांदी काळी पडते. डांबरगोळ्या कपड्यांत ठीक, नाण्यांच्या ड्रॉवरमध्ये नको. भिंतीला लागून असलेले, पावसाळ्यात ओल धरणारे कपाट टाळावे. पोटमाळा आणि पत्र्याखालची फळी तर नकोच, तिथे उष्णता सर्वांत जास्त. औषधांच्या बाटलीत येते तशा सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या डब्यात टाकल्या तर ओलावा कमी होतो. मात्र त्या ओल शोषून संपतात, दर पावसाळ्यापूर्वी बदलाव्या लागतात. नाणे उचलताना दोन्ही सपाट बाजूंना बोट न लावता कडेला धरावे, खाली मऊ कापड अंथरावे.

होल्डरवर काही लिहायचे असेल तर नाणे आत ठेवण्यापूर्वी लिहावे. नाणे आत असताना बॉलपेन दाबले तर फिल्म नाण्यावर घासते. एका बाजूला वर्ष आणि धातू लिहावा. दुसऱ्या बाजूला ते कुणाकडून आले, कधी मिळाले, हे लिहावे. घरातील थोरांना हे आजच विचारून घेतलेले बरे. आणि ही सगळी नाणी दिवाळीच्या सुट्टीत एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, अशी वर्षातून दोनदा बाहेर काढून उजेडात तिरपी धरून पाहावीत.